जुनी बाकी न लिहिता

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावहून भोपाळला, पिपलानीस मामांकडे गेलो होतो. पिपलानी हा भेलच्या वसाहतीचा भाग. १९५६ साली स्थापन झालेली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाली. रेल्वे इंजिनांच्या मोटारी तयार करणाऱ्या येथील कारखान्यातूनच मामा निवृत्त झाले. आता त्यांनी घरातील मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे मांडली आहे. पुण्याचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या छंदाची कल्पना येईल.

मामांच्या इंजिनात ध्वनी डिकोडर आहे. शिट्टी, ब्रेकची करकर, मोटारीची घरघर हे सारे तोच काढतो. रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही येतात व आपल्या पत्त्यावर आलेला हुकूमच तो पाळतो. त्याच्या आत अंकांचे रकाने असतात. त्यांना 'सीव्ही' म्हणतात. आपण वाणिज्याचे विद्यार्थी याला खतावणीच समजू. रकाना १ मध्ये पत्ता, ३ मध्ये वेग चढण्याची व ४ मध्ये उतरण्याची संथता, तर ८ मध्ये निर्मात्याचा क्रमांक. या आठव्या रकान्यात ८ लिहिले की पुष्कळसे डिकोडर कारखान्यातून आले त्या स्थितीला जातात. मात्र हा संकेत सर्वांचा एक नाही. लेन्झच्या डिकोडरला ३३ लागतात. म्हणून पुस्तिका पाहणे आवश्यक.

एके संध्याकाळी इंजिन धावत होते, पण आवाज बंद. मामा बाजारात गेले होते. मी पुस्तिका अर्धीमुर्धी वाचून रकाना ८ मध्ये ८ लिहून मोकळा झालो. आता इंजिन हलेचना! मला घाम फुटला. पुढे उमगले की पत्ता पुन्हा ३ झाला होता आणि मी हाक मारत होतो ४७ ला. तीन म्हणताच ते गरजले आणि हिसक्यासरशी सुटले.

मामा परतले. त्यांनी शांतपणे विचारले, "आठ नंबरचं बटण पाहिलंस का रे?" अनेक ध्वनी डिकोडरांत त्या बटणाने आवाज बंद होतो. तेच दाबले गेले होते. रोग नव्हताच, औषधानेच घात केला. भरलेली मालगाडी जशी जड पावलांनी सुटते तशी ती सुटावी म्हणून मामांनी सबंध पावसाळा खर्चून रकाने जुळवले होते. ते कुठेच लिहिलेले नव्हते. मामा रागावले नाहीत, त्याचेच मला अधिक लागले.

तेव्हा मित्रहो, क्रम असा ठेवावा. आधी रूळ पुसावेत, पत्ता व आवाजाचे बटण तपासावे. मग सर्व रकाने वाचून वहीत उतरावेत. प्रोग्रामिंगच्या वेगळ्या रुळावर एकच इंजिन ठेवावे. नाहीतर रुळावरच्या सगळ्यांचेच आकडे बदलतात. आकडा लिहिल्यावर वीज थोडा वेळ तोडून पुन्हा द्यावी आणि इंजिनाला ३ या पत्त्यावर बोलवावे. साठवलेले ध्वनी सहसा पुसले जात नाहीत. पुसली जाते ती आपली मेहनत.

नंतर आठ दिवस आम्ही दोघे रकाना ३ आणि ४ शी झटत होतो. मी घाई केली की मामा कानडीत म्हणत, "निधान!" कानडीत याचा अर्थ 'सावकाश', मराठीत 'ठेवा'. आता सारे आकडे वहीत आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मी तोच शब्द लिहिला आहे. तो कोणत्या भाषेतला, हे मामांनी अद्याप विचारलेले नाही.