पाणी स्वच्छ दिसतं, पण नायट्रेट तपासलं का?



बमरोलीत ज्यांच्या घरी बोअरचं पाणी पितात, किंवा बोटीची टाकी बोअरवर भरतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नाही. संडासाचा खड्डा, गोठा, शेतातलं खत यांतून ते झिरपून बोअरमध्ये उतरतं. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००) मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

नमुना असा घ्या:
१) बोअर पाच मिनिटं चालू ठेवा.
२) स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा.
३) बर्फात ठेवा (बर्फाची आपल्याकडे कमी नाही) आणि २४ तासांत लॅबला द्या.
४) "नायट्रेट" तपासा असं स्पष्ट सांगा. टीडीएस मीटरवर ते कळत नाही.

रिपोर्ट किंवा पट्टीवर "नायट्रेट-नायट्रोजन" लिहिलं असेल, तर आकड्याला ४.४ ने गुणा. म्हणजे १२ आले तर ते जवळपास ५३ होतात, मर्यादेच्या वर.

उकळून, तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून नायट्रेट जात नाही. उलट उकळताना पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आरओने कमी होतं, पण आरओचं पाणीही तपासा. तोवर बाळाचं दूध बोअरच्या पाण्यात कालवू नका.

रिपोर्ट समजला नाही तर कार्यालयात घेऊन या, आपण मिळून वाचू.