बोर्ड गेला की कंडेन्सर गेला?

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन महिनोन्महिने रात्रंदिवस चालते. ईदची किंवा दिवाळीची सुट्टी येते, मशीन चार दिवस बंद राहते, आणि कामगार परत आल्यावर बटण दाबले तर स्क्रीन उजळतच नाही. मेकॅनिक येतो, पॅनेल उघडतो आणि सांगतो, "शेठ, बोर्ड गेला. नवीन टाकावा लागेल." भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांना हा अनुभव नवीन नाही. नव्या बोर्डाचा खर्च एकीकडे, बोर्ड येईपर्यंत बसून राहिलेले कारागीर दुसरीकडे, आणि तिसरीकडे पार्टीला दिलेली तारीख. अशा वेळी पुष्कळदा दोष निघतो तो पॉवर सप्लायवरच्या पाच-दहा रुपयांच्या एका कपॅसिटरमध्ये. आपले कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

हे काम कोणी करावे, ते आधी स्पष्ट केलेले बरे. ज्याला सोल्डरिंग येते आणि विजेची अदब आहे, अशाच मुलाने बोर्डाला हात लावावा. कारखानदाराने निदान इतके समजून घ्यावे की मेकॅनिकला काय विचारायचे.

पॉवर सप्लायमध्ये आलेली २३० व्होल्टची वीज प्रथम सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि एका मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते. पुढे त्यातून २४ व्होल्ट, ५ व्होल्ट असे लहान दाब तयार होतात. मशीनचा प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमधला साठा काही काळ तसाच राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. काही लोक स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढतात. ही पद्धत वाईट. त्यात कंडेन्सर आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन्हींचे नुकसान होते. २.२ किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेटेड वायरींना जोडून दोन्ही टोकांवर दहा सेकंद धरावा, नंतर मीटरने मोजून खात्री करावी. मीटरने सांगितल्याशिवाय बोट लावू नये.

आता ओळख. फुगलेला कंडेन्सर डोळ्यांनाच दिसतो. त्याच्या डोक्यावर फुलीसारख्या खाचा असतात; ते डोके सपाट असायला हवे. वर फुगवटा किंवा तपकिरी पापुद्रा दिसला तर तो संपला. मात्र बुडाशी पिवळा-तपकिरी थर दिसताच गळती समजू नये. कंपनी मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून गोंद लावते, तो जुना झाला की तसाच दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. सुट्टीनंतर मशीन सुरू न होण्याचे दुखणे बहुधा मोठ्या कंडेन्सरचे नसतेच. कंट्रोल आयसीजवळ एक बारीक कंडेन्सर असतो, साधारण २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. सप्लाय सुरू करताना आयसीला पहिला धक्का याच्या साठ्यातून मिळतो. तो आतून वाळतो, पण वरून नव्यासारखा दिसतो. मशीन चालू असेपर्यंत उबेवर तो कसेबसे काम रेटतो. एकदा थंड झाला की उठत नाही. म्हणूनच थंडीच्या सकाळी मशीन चार वेळा बटण दाबल्यावर चालू होते. याची साधी पारख अशी : वीज बंद ठेवून त्या भागाला हेअर ड्रायरची ऊब द्यावी, मग सुरू करून पाहावे. सुरू झाले तर चोर बहुतेक सापडला.

मल्टिमीटरवर नुसती मायक्रोफॅरड मोजून फसगत होऊ शकते. १००० लिहिलेला कंडेन्सर ८०० ते १२०० दाखवीत असला तरी त्याचा आतला विरोध वाढलेला असू शकतो. तो मोजण्यासाठी ईएसआर मीटर लागतो. सप्लायच्या २४ व्होल्टच्या बाजूचा चांगला कंडेन्सर ओहमच्या अगदी लहान अंशात आकडा दाखवतो. एक ओहम किंवा त्याहून जास्त आला तर तो काढावा. सूत जाड-बारीक दिसण्यावर आपण सौदा करीत नाही, काउंट काढतो, तसेच हे आहे.

फ्यूज उडालेला असेल तर मात्र आजार वेगळा. तेथे ब्रिज किंवा मॉसफेट शॉर्ट झालेला असण्याचा संभव अधिक. कंडेन्सर बदलून भागणार नाही. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणाऱ्या मेकॅनिकला पुन्हा बोलावू नये.

नवीन कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तीच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि सप्लायसाठी 'लो ईएसआर' प्रकारचा, १०५ अंशांचा. दुकानदार ८५ अंशांचा देऊन "चालतो" म्हणेल. तो चालतो, पण किती दिवस? सर्वसाधारण नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तासांचा कंडेन्सर ७५ अंशांत १६००० तास टिकेल. चोवीस तासांच्या कामात पावणेदोन वर्षांपेक्षा थोडे जास्त. ८५ अंशांचा त्याच जागी ४००० तास, म्हणजे साडेपाच महिने. दोन-तीन रुपयांच्या फरकासाठी हा सौदा कोण करील? मुंबईत लॅमिंग्टन रोडला सर्व माल मिळतो, पण नकलीही मिळतो : मोठ्या डब्याच्या आत लहान कंडेन्सर बसवलेला. डबा हातात हलका वाटला तर घेऊ नये.

काढण्यापूर्वी बोर्डाचा फोटो घ्यावा. कंडेन्सरवरची पट्टी ऋण टोकाची असते, परंतु बोर्डावरची खूण प्रत्येक कंपनीची सारखी नसते. उलटा बसला तर फुटतो. जुन्या सांध्यावर आधी थोडे ताजे सोल्डर द्यावे, ते वितळल्यावर पंपाने ओढून घ्यावे. पाय हलका झाल्याशिवाय ओढू नये, नाहीतर तांब्याचे कडे उखडते आणि पाच रुपयांचे काम पाचशेचे होते. नवा बसवून जास्तीचे पाय कापावेत, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी.

पहिल्यांदा सुरू करताना सप्लाय मशीनला जोडू नये. वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. एलईडी येथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक, तसाच पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. मग बल्ब काढून २४ आणि ५ व्होल्ट मोजावेत, आणि दोन्ही बरोबर असतील तरच मेन बोर्डाची वायर लावावी. घाईत हेच उलटे केले जाते आणि सप्लायबरोबर मेन बोर्डही जातो.

बदललेला कंडेन्सर वर्षाच्या आत पुन्हा गेला तर पंखा पाहावा. कापसाचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात, हवा थांबते आणि आतली उष्णता वाढते. दर शुक्रवारी मशीन बंद असताना ब्लोअरने जाळी साफ करावी. पंख्याचा आवाज बदलला असेल तर तो बंद पडण्याची वाट न पाहता त्याच दिवशी बदलावा. मशीनला लागणाऱ्या चार-पाच प्रकारच्या कंडेन्सरची एक पुडी दुकानातून आणून गल्ल्यात ठेवावी, आणि पुडीवर खरेदीची तारीख लिहावी.