अजून जगात नसलेली वस्तू विकत कशी घ्यायची?

प्रश्न : आमच्या नगरपालिकेत गटाराचं काम असो की संगणकांची खरेदी, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला टेंडर मिळतं. ‘आधार’सारखी अवाढव्य यंत्रणासुद्धा सरकारनं अशीच घेतली का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : निव्वळ तशी नाही. दर पाहिला गेलाच, पण सगळा भार दरावर टाकला असता तर ही यंत्रणा उभी राहिली नसती, असं माझं ठाम मत आहे. गटाराची लांबी, खोली, सिमेंटचं प्रमाण आधी लिहून देता येतं. मग दरात घासाघीस करायला हरकत नाही. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा शंभर कोटींहून अधिक माणसांचे ठसे आणि बुबुळं ताडून पाहणारी यंत्रणा जगात कुठंच नव्हती. टेंडरमध्ये लिहिणार काय?

कामाचा आवाका बघा. नवीन माणूस नोंदवला की तो आधी दुसऱ्या नावानं नोंदला गेलाय का, हे शोधायला त्याचे ठसे आधीच्या प्रत्येकाशी ताडायचे. नोंदी 60 कोटी झाल्या आणि दिवसाला 10 लाख नवे लोक आले, तर एका दिवसात 600 लाख कोटी तुलना!

‘आधार’ राबवणाऱ्या प्राधिकरणानं म्हणून यंत्रं विकत न घेता काम विकत घेतलं, आणि तेही एकाकडून नाही. ॲक्सेंचर, महिंद्रा सत्यम–मॉर्फो आणि एल-वन आयडेंटिटी (इथं ‘एल-वन’ हे कंपनीचं नाव, टेंडरमधला सर्वांत कमी दरवाला नव्हे) अशा तिघांना एकाच वेळी नेमलं. पैसे तपासणीमागे. ज्याचं काम अचूक आणि वेगवान, त्याच्याकडे जास्त नोंदी. जो मागे पडेल त्याचा वाटा कमी. एरवी कार्यादेश हातात पडला की स्पर्धा संपते. इथं ती रोज चालू राहिली. मला या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. तिघांनाही प्राधिकरणानं ठरवलेल्या एकाच पद्धतीनं जोडलं होतं. त्यामुळे एखादा बदलायचा झाला तरी बाकीची यंत्रणा मोडावी लागणार नव्हती.

काम खरंच होतंय का, हे कंपनीच्या शब्दावर सोडलं नाही. नोंदी 8.4 कोटींवर असताना मुद्दाम 31,399 दुबार नोंदी तपासणीला घातल्या. त्यातल्या 11 निसटल्या. हा आकडा प्राधिकरणानं 2012 च्या अहवालात छापला. सरकारी खरेदीत इतकी उघड परीक्षा क्वचितच दिसते.

तरी कच्चे दुवे होतेच. फ्रान्सच्या साफ्रान समूहानं 2011 मध्ये एल-वन विकत घेतली आणि मॉर्फो आधीपासून त्यांचीच होती. कागदावर कंपन्या तीन, पण दोघींच्या मागे मालक एकच! करार करताना अशा शक्यतेचा विचार हवाच.

त्याहून मला सलतं ते वेगळं. आमच्या भागातल्या रेशन दुकानात एका आजींनी बोट पदराला पुसून चार वेळा यंत्रावर टेकवलं. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजलेल्या, यंत्र ओळखेना. माणूस दुबार नाही हे शोधणं एक काम आणि दुकानात त्याला क्षणात ओळखणं हे दुसरं. पहिल्यासाठी जेवढी काळजी घेतली तेवढी दुसऱ्यासाठी, अशा हातांवर आधी चाचणी करून, घ्यायला हवी होती. त्या दिवशी आजी पिशवी रिकामी घेऊन गेल्या.

सरकारी खरेदीच्या नियमांतही आता थोडी मोकळीक आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनुसार ठरावीक कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही 30 टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. तुमच्या नगरपालिकेनं करवसुलीचं सॉफ्टवेअर घ्यायचं काढलं, तर करारात तीन गोष्टी आहेत का ते माहिती अधिकारात विचारा : नोंदींची मालकी नगरपालिकेची आहे का, कंपनी बदलली तर तो सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का, आणि बिल काढण्याआधी तपासणी कोण करणार. ती तपासणी कंपनीचाच माणूस करणार असेल, तर टेंडर उघडण्याआधीच लेखी हरकत नोंदवा.