स्पितीच्या हिवाळ्यात कॅमेरा

प्रश्न : फेब्रुवारीत हिमबिबट्याच्या छायाचित्रणासाठी स्पितीतील किब्बरला जायचे आहे. कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : कडाक्याच्या थंडीत पहिली मान टाकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरीही अकाली संपल्यासारखी दिसते. ऊब मिळाली की ती बरीचशी सावरते; म्हणून जादा बॅटऱ्या पिशवीत नव्हे, अंगालगतच्या खिशात ठेवून आलटूनपालटून वापरतात. शून्य अंशाखाली त्या चार्ज करणे मात्र टाळावे; कायमचा बिघाड होऊ शकतो.

खरे नुकसान बहुधा परतल्यावर होते. बुखारीने तापलेल्या खोलीत थंडगार कॅमेरा नेला की हवेतले बाष्प भिंगावर, कधी आतल्या भागांवरही साचते. बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दोनएक तास, पिशवी उघडू नये. फोटो पाहण्याची घाई आवरत नसेल (ती सहसा आवरत नाहीच), तर मेमरी कार्ड आधीच काढून घ्यावे.

बर्फाच्या पांढरेपणाने प्रकाशमापक फसतो आणि बर्फ करडा उमटतो. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवावे. व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नये, तिथे लगेच हिमकण धरतात.