मानसिक तपासणी दूरचित्राद्वारे : नॉर्थ कॅरोलायना राज्याचा कायदा

मानसिक आजाराचा प्रक्षोभ वेळ पाहून येत नाही. एखादी व्यक्ती रात्री-अपरात्री स्वतःच्या जिवावर उठते किंवा भ्रमाच्या भरात घरच्यांवर धावून जाते. नातेवाईक तिला कसेबसे जवळच्या रुग्णालयात आणतात. तेथे सर्वसाधारण डॉक्टर असतो. मनोविकारतज्ज्ञ मात्र बहुधा दूरच्या शहरात असतो. तो येईपर्यंत रुग्णाला अडवून ठेवावे, तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतो. सोडून द्यावे, तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. या पेचातून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न म्हणून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचा कायदा अभ्यासण्याजोगा आहे.

कायद्याची चौकट

रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवण्यासंबंधीचे कायदे अमेरिकेत घटक राज्ये करतात. नॉर्थ कॅरोलायनात एकूण १०० काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. तेथे दंडाधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयाच्या लिपिकापुढे शपथपत्र सादर झाल्यावर पोलीस अधिकारी संबंधित व्यक्तीला ताब्यात घेऊन तपासणीसाठी नेतो. ही पहिली तपासणी शक्य तितक्या लवकर, व फार तर २४ तासांच्या आत झाली पाहिजे. व्यक्ती मानसिक आजाराने ग्रस्त आहे काय, आणि त्या आजारामुळे स्वतःला वा इतरांना अपाय होण्याचा धोका आहे काय, हे परीक्षकाने ठरवावयाचे असते. तिला रुग्णालयात दाखल केल्यास २४ तासांच्या आत दुसरी तपासणी होते आणि ताब्यात घेतल्यापासून १० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात सुनावणी होते.

पहिली तपासणी प्रत्यक्ष समोरासमोर अथवा टेलिमेडिसिनद्वारे करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. टेलिमेडिसिन म्हणजे केवळ दूरध्वनीवरील संभाषण नव्हे. रुग्ण व परीक्षक यांना एकमेकांना त्याच वेळी पाहता व ऐकता आले पाहिजे. ही अट रास्त आहे. मानसिक तपासणीत शब्दांइतकेच महत्त्व नजर, हालचाल, बोलण्याची गती आणि मधली स्तब्धता यांना असते.

कायद्यातील मर्म

या कायद्याचे खरे मर्म पुढील तरतुदीत आहे. रुग्ण प्रत्यक्ष समोर असता तरी आपला निष्कर्ष हाच राहिला असता, अशी वैद्यकीयदृष्ट्या वाजवी खात्री परीक्षकाला वाटली पाहिजे. तशी खात्री वाटत नसेल, तर तपासणी समाधानकारकरीत्या पूर्ण झाली नाही, अशी नोंद त्याने केलीच पाहिजे. मग त्या व्यक्तीला समोरासमोरच्या तपासणीसाठी न्यावेच लागते. म्हणजेच यंत्र वापरण्याची परवानगी देताना त्याच्या मर्यादेची जबाबदारी कायद्याने माणसावर टाकली आहे. चित्र अंधूक दिसले, आवाज तुटक आला किंवा पडद्यावरील अनोळखी चेहरा पाहून रुग्णाचा संशय अधिकच बळावला, तर अपुऱ्या माहितीवर कोणाचे स्वातंत्र्य हिरावले जाऊ नये, हा यामागील हेतू होय.

कायद्याला यंत्रणेची जोड

केवळ परवानगीने काम भागत नाही. या राज्याने २०१३ मध्ये राज्यव्यापी दूर-मानसोपचार कार्यक्रम सुरू केला. ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या केंद्रामार्फत रुग्णालयांचे तातडीचे विभाग मनोविकारतज्ज्ञांशी जोडण्यात आले. दूरचित्राद्वारे मानसोपचाराची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे; नेब्रास्का राज्यातील मानसोपचार संस्थेने १९५९ मध्येच त्यासाठी दुहेरी दूरचित्रवाणीचा उपयोग केला होता.

आपल्याकडील स्थिती

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९४ अन्वये, जीवितास किंवा आरोग्यास गंभीर धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी तातडीचे उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे या उपचारांची मुदत ७२ तासांची, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे अगोदर घडेल तितकी असते. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला पोहोचविणे हाही या उपचारांचाच भाग आहे. या कलमात दूरचित्राद्वारे तपासणीचा उल्लेख नाही. केंद्र शासनाच्या २०२० मधील टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तातडीच्या प्रसंगी अन्य सोय नसल्यास दूरस्थ सल्ला देता येतो. पण तो प्रथमोपचार, जीवरक्षक उपाय, समुपदेशन आणि पुढे पाठविण्याचा सल्ला यांपुरता मर्यादित असतो.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य उपकेंद्र यांच्या फलकावर तो ठळकपणे लिहिलेला असावा. मात्र जीव धोक्यात असेल, तेव्हा दूरध्वनीवर विसंबून न राहता रुग्णाला जवळच्या रुग्णालयात नेणे हेच पहिले कर्तव्य आहे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यापासून घेण्याजोगा बोध हा की, तज्ज्ञाचे अंतर यंत्राने कमी करता येते. परंतु निर्णयाची जबाबदारी यंत्रावर सोपविता येत नाही. पडद्यावर जे स्पष्ट दिसले नाही, ते दिसले नाही असे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा हेच रुग्णाचे खरे संरक्षण होय.