टी-शर्टांवरील छपाई : निवड कशी करावी ?

गतवर्षीं क्रीडामहोत्सवासाठीं आमच्या वर्गानें वर्गणी जमवून चाळीस पांढरे सुती टी-शर्ट घेतले व त्यांवर वर्गाचें दुरंगी बोधचिन्ह छापविलें. पहिल्या दिवशीं तें फार शोभून दिसलें. परंतु दोन धुण्यांतच विटलें. वर्गणी सर्वांची होती. निवड मात्र आम्हीं दोघांतिघांनीं, केवळ स्वस्त दर पाहून, केली होती. चूक कोठें झाली हें शोधतांना जें कळलें, तें पुढील विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

छपाईपूर्वीं तीन प्रश्न विचारावे : कापड कोणतें, नग किती आणि रंग किती ?

प्रथम कापड. आमचें चिन्ह सब्लिमेशन पद्धतीनें छापलें होतें. तींत कागदावरील रंग सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेनें वायुरूप होतो व पॉलिएस्टरच्या तंतूंत शिरून तेथेंच स्थिरावतो. कापसाच्या तंतूंस तो धरून ठेवतां येत नाहीं; म्हणून पाण्याबरोबर निघून जातो. खेळाडूंच्या फिकट पॉलिएस्टर जर्सीस मात्र ही पद्धत उत्तम.

दुसरा प्रश्न नगांचा. स्क्रीन प्रिंटिंगमध्यें चौकटीवर ताणलेल्या जाळींतून रबरी पट्टीनें शाई कापडावर उतरवितात. इंग्लंडांतील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्यांनीं १९०७ सालीं अशा छपाईचें पेटंट घेतलें. प्रत्येक रंगास निराळी जाळी लागते. तिचा खर्च एक नग छापा कीं शंभर छापा, तितकाच; म्हणून नग वाढतील तसा दर उतरतो. शाई तापवून नीट पक्की केली तर ती पुष्कळ धुणीं टिकते. आमच्या चाळीस टी-शर्टांस हीच पद्धत योग्य होती.

तिसरा प्रश्न रंगांचा. चित्र बहुरंगी व नग थोडे असतील, तर जाळ्यांचा खर्च परवडत नाहीं. तेथें डीटीजी यंत्र सुती कापडावर थेट शाई फवारतें. डीटीएफमध्यें चित्र फिल्मवर छापून, त्यावर चिकट भुकटी पसरून, उष्ण दाबानें कापडावर बसवितात. ती सुती व पॉलिएस्टर दोहोंवर चालते. पण मोठा ठसा अंगास कडक लागतो व घाम कोंडतो.

दुकानदारास दोष देणें सोपें आहे. त्यानें विचारलें नाहीं हें खरें. पण कापड सुती आहे हें आम्हींही सांगितलें नव्हतें. म्हणून प्रथम एकच नमुना छापवून घ्यावा, तो दोनदां धुवावा, आणि मगच सर्व नग छापावयास सांगावे. दुसऱ्यांच्या वर्गणीचा पैसा स्वतःच्या पैशाहून अधिक जपून खर्चावा, हें आम्हांस त्या विटलेल्या चिन्हानें शिकविलें.