आकडा लाल आला म्हणून पोट फाडायचं?

‘मॅडम, इंटरनेट वाचून कुणी डॉक्टर होत नाही,’ असं ज्या सर्जननी मला सुनावलं, त्यांना विचारलेला प्रश्न इथे पुन्हा विचारते. रक्तातला सीए-१२५ हा मार्कर वाढलेल्या माझ्यासारख्या शंभर बायकांपैकी किती जणींना खरोखर अंडाशयाचा कॅन्सर निघतो? त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. आलं ते ऑपरेशनचं एस्टिमेट.

ह्यांच्या ऑफिसतर्फे फुल बॉडी चेकअप होतं, बायकोला सवलत. थायरॉइड आणि व्हिटॅमिनांच्या रांगेत सीए-१२५ घुसवलेलं. मला कसलाही त्रास नव्हता, कुणी ती तपासणी सांगितलीही नव्हती. रिपोर्टमध्ये आकडा ५८, ठळक लाल, मर्यादा ३५. लॅबमधल्या मुलीने फोनवर ‘कॅन्सर मार्कर हाय आहे’ एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. जाऊबाई तेवढ्यात नवस बोलूनही मोकळ्या झाल्या.

सर्जननी तर पोटाला हातही लावला नाही. ‘मुलं झालीत ना? मग पिशवी आणि दोन्ही ओव्हरीज ठेवून करायचंय काय? काढून टाकू, टेन्शन मिटेल.’ टेन्शन कुणाचं, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रिपोर्ट बाजूला सारून त्यांनी पहिलंच विचारलं, ‘रक्त दिलंत तेव्हा पाळी चालू होती का?’ होती, दुसरा दिवस होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लॅबच्या फॉर्मवर डायबेटिस विचारला होता, ईमेल विचारला होता. पाळीचा रकानाच नव्हता! सोनोग्राफीत लहानसा फायब्रॉइड दिसला, बाकी काही नाही. पाळी संपल्यावर पुन्हा रक्त दिलं, आकडा २४. पाळी, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, गरोदरपण, पोटाचा टीबी, यकृताचे आजार, या सगळ्यांत हा मार्कर वाढू शकतो. हे गुपित नाही, पुस्तकात आहे.

त्यानंतर मी खरंच वाचून काढलं. ३५ ही मर्यादा १९८३ च्या एका अभ्यासातून रूढ झाली. एका बाजूला कॅन्सर आधीच सापडलेल्या बायका, दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं. अशी टोकं समोरासमोर ठेवली की कुठलीही तपासणी हुशार दिसते. खरी परीक्षा मधल्या गर्दीत, आणि तिथेच ही घसरते. समजा, दहा हजार बायकांत पाच जणींना रोग आहे. तपासणीने त्यातल्या चार पकडल्या आणि निरोगींपैकी शंभरात फक्त दोघींना चुकून लाल ठरवलं. म्हणजे लाल रिपोर्ट सुमारे दोनशे चार, खरा रोग चौघींना. ‘अठ्ठ्याण्णव टक्के अचूक’ ही जाहिरात खोटी नाही, पण उरलेल्या दोनशे जणींच्या घरी काय होतं, ते जाहिरातीत येत नाही.

सीए-१२५ आणि सोनोग्राफी दोन्ही वापरलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, ३,२८५ बायकांना असा खोटा इशारा मिळाला. त्यातल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. मृत्यू मात्र घटले नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये तोच निष्कर्ष निघाला.

तर बायांनो, आता माझं ऐका.

लक्षणं नसताना तपासणी करण्याआधी विचारा: पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार, आणि त्याने आयुष्य वाढतं हे कुठे सिद्ध झालंय? ‘किती रोगी पकडते’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘किती निरोगी माणसांना उगाच अडकवते’ तेही विचारा. रक्त देताना पाळीचा दिवस फॉर्मवर स्वतः लिहा, रकाना नसला तरी. एका आकड्यावरून कुणी अवयव काढायला निघालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. घाबरू नका, वेळेवर जेवा, झोपा.

पण पोट सतत फुगतंय, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतंय, किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झालाय, तर माझा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ती गोष्ट वेगळी.

तपासण्या सगळ्याच फोल नसतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने, तीस ते एकोणसाठ वयाच्या लाखावर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापून आलंय. आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांवर सिद्ध झालेली ही तपासणी माझ्या पॅकेजमध्ये नव्हती. का, ते लॅबवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘तिला डिमांड नाही.’

म्हणून पॅकेज घेताना यादी हातात मागा. नको त्या ओळीवर काट मारायला लावा आणि एचपीव्ही लिहून घ्या. ‘पॅकेजमध्ये बदल होत नाही’ म्हणाले, तर सरळ उठा आणि दुसरी लॅब बघा.